ॲम्प्लिफायर रोज चालवणार कोण?

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. त्यांचे वडील (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात) ७८ वर्षांचे. १९८६ साली पीएफमधून कर्ज काढून त्यांनी स्टिरिओ घेतला: आठ किलोचा ॲम्प्लिफायर (कॅसेटचा बारीक सिग्नल वाढवून स्पीकर वाजवणारा डबा), कॅसेट डेक आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर. पुढे त्याला सीडी प्लेअर जोडला. दिवाळीनंतर ॲम्प्लिफायरची आधी उजवी बाजू गेली, मग डावीकडे खरखर सुरू झाली आणि आता तो सुरूच होत नाही. मधल्या काळात त्यांनी अण्णांना एक ब्लूटूथ स्पीकर आणून दिला. चार दिवस वापरून अण्णांनी तो परत खोक्यात घालून ठेवला. नवीन ॲम्प्लिफायरसाठी हाताशी १२ हजार रुपये आहेत. दुकानदार म्हणतो, १०० वॅटच्या खाली काही घेऊ नका. मुलगा म्हणतो, सगळं काढून टाक आणि साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घे. ऑफिसातले एक जाणकार म्हणतात, ऑनलाइन मिळणारे तळहाताएवढे डबे 'क्लास डी' म्हणजे डिजिटल असतात, त्या आवाजात जीव नसतो. या भगिनींना स्वतःला तसाच एक डबा पसंत आहे, पण त्या भारदस्त ॲम्प्लिफायरच्या जागी हे खेळणं ठेवलं तर अण्णांना कमी प्रतीचं काही दिल्यासारखं होईल, ही टोचणी आहे. अण्णांचं म्हणणं एवढंच: "राहू दे गं, आता काय ऐकायचंय."

ताई,

तुम्ही ज्या ब्लूटूथ स्पीकरचा ओझरता उल्लेख केलात, तिथूनच सुरुवात करतो. त्याचा आवाज अण्णांना आवडला नाही, असा अर्थ तुम्ही लावलात. असेलही तसं. पण ते चार दिवस जरा आठवून बघा. गाणं लावायचं तर फोन हवा, फोन स्पीकरला जोडला गेला पाहिजे, मध्येच कुणाचा फोन आला की गाणं थांबणार, आणि पुन्हा सुरू करायचं तर तुम्हाला नाहीतर नातवाला हाक मारायची. जो माणूस इतकी वर्षं कुणाची झोपमोड न करता पहाटे स्वतःच्या हातानं कॅसेट लावत आला, त्याला हे परावलंबन नकोसं होणारच. 'आता काय ऐकायचंय' यामागे मला कंटाळ्यापेक्षा संकोच जास्त दिसतो.

म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रमच बदलू या. किती वॅट, कुठला क्लास, कुठली कंपनी हे सगळं नंतर. आधी दोन गोष्टी: त्याला काय काय जोडायचं आहे, आणि तो रोज चालवणार कोण. तुमच्या बाबतीत उत्तरं स्वच्छ आहेत. कॅसेट डेक आणि सीडी प्लेअर जोडायचा आहे, आणि चालवणार अण्णा.

पण नवीन घेण्याआधी जुना खरंच गेलाय का, ते बघा. पूर्ण बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये नुसता फ्यूज उडालेला असू शकतो. तो बहुधा मागच्या बाजूला, फिरवून काढायच्या टोपीखाली असतो. प्लग काढून, तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. लगेच पुन्हा उडाला तर थांबा. तिथे तांब्याची तार गुंडाळायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका, आणि झाकण उघडून आत हात घालू नका. आतले मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ चार्ज धरून असतात. जुन्या वस्तू दुरुस्त करणारा एखादा कारागीर गाठा आणि त्याला आधी निदान विचारा. सुकलेले कॅपॅसिटर, सुटलेले सोल्डर किंवा खराब झालेला व्हॉल्यूम कंट्रोल निघाला आणि दोन-तीन हजारांत काम होणार असेल, तर मी डोळे झाकून दुरुस्तच करून घेईन. मात्र त्यात सान्योची एसटीके मालिकेतली आयसी (आवाज वाढवणारं मुख्य सर्किट एकाच तुकड्यात) असेल आणि तीच जळली असेल, तर सावध राहा. ती मालिका आता बनत नाही, बाजारात नकली आयसींचा सुळसुळाट आहे, आणि तशी आयसी बसवली तर ती लवकरच पुन्हा जाऊ शकते. कारागीर प्रामाणिक असेल तर तो हे स्वतःहून सांगेल.

ज्यांची एकच बाजू बंद आहे त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा. ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या दोन्ही स्पीकरच्या तारा आपसांत बदला, डावीच्या जागी उजवी. बंद बाजूही बदलली तर स्पीकर आणि तार ठीक आहेत. आता डेककडून येणाऱ्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. यानेही बाजू बदलली तर दोष डेकमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. नाही बदलली तर ॲम्प्लिफायरमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे लोक चांगले ॲम्प्लिफायर भंगारात देतात.

स्पीकरही एकदा तपासा. समोरची जाळी काढा आणि मोठ्या कोनाच्या कडेला जी गोल झालर असते तिला बोटाच्या टोकानं हलकेच दाबा. झालर रबराची किंवा कापडाची असेल तर ती लवचिक लागेल. फोमची असेल तर चाळीस वर्षांत तिचा भुगा झालेला असण्याची दाट शक्यता आहे, बोटाला काळी पूड लागेल. तसं असेल तर कितीही महागडा ॲम्प्लिफायर आणला तरी आवाज फाटकाच येणार. झालर बदलून मिळते, स्पीकर टाकून द्यायची गरज नाही.

आता तुमच्या दुकानदाराचे १०० वॅट. आपल्या पिढीनं टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ'चे, म्हणजे क्षणभराच्या शिखराचे फुगवलेले, हजारो वॅट छापलेले पाहिले आहेत. त्या आकड्यांना तेव्हाही अर्थ नव्हता, आणि आजच्या छोट्या डब्यांवरच्या '३०० वॅट गुणिले २' कडेही जरा संशयानंच बघा. सोबतचा ॲडॉप्टर हातात घ्या. त्यावर ३२ व्होल्ट, ५ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार होतो १६०. भिंतीतून एकूण १६० वॅट घेणारी वस्तू सतत ६०० वॅट बाहेर कुठून देणार? या डब्यांसाठी एक गणित लक्षात ठेवा: ॲडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या (स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचा आकडा, स्पीकरच्या मागे लिहिलेला असतो) दुपटीनं भागा. म्हणजे २४ व्होल्ट आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे तीसेक धरा.

तीस वॅट पुरतील? तुमच्या स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ८ ओहम आणि ८७ डेसिबल लिहिलंय असं तुम्ही कळवलंत, ते फार बरं केलंत. याचा अर्थ एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज येतो. अण्णांची खुर्ची अडीच मीटरवर असेल तर तिथे मोकळ्या जागेच्या हिशेबानं तो आठेक डेसिबलनी कमी होतो, आणि दुसरा स्पीकर सुमारे तीन परत मिळवून देतो. म्हणजे एका वॅटमध्ये खुर्चीपाशी साधारण ८२ डेसिबल. घरात शांतपणे गाणं ऐकताना आपण ७० च्या आसपास असतो, आणि त्याला वॅटचा सोळावा हिस्सा पुरतो. तबल्याची एखादी थाप सरासरीपेक्षा पंधरा डेसिबलनी वर गेली तरी दोन वॅट लागतील. उरलेले अठ्ठावीस तसेच पडून राहणार. आणि वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. तुमच्या खोलीसाठी १०० वॅट मागणं म्हणजे दोन माणसांच्या भातासाठी लग्नाचं पातेलं आणणं.

ऑफिसातल्या जाणकारांचं मत मनापासूनचं असेल, पण त्यातली एक गोष्ट सरळ चुकीची आहे. क्लास डी मधला डी 'डिजिटल'चा नव्हे. ए, बी, सी ही अक्षरं आधी वापरून झाली होती म्हणून पुढचं अक्षर डी. नळाचं उदाहरण घ्या. पाणी कमी हवं तर नळ अर्धवट उघडा ठेवता येतो. जुने एबी क्लासचे ॲम्प्लिफायर असं करतात, आणि त्या अर्धवट उघड्या अवस्थेत ट्रान्झिस्टर तापतो. म्हणून त्यांना ॲल्युमिनियमचे मोठमोठे पंख असतात, जड ट्रान्सफॉर्मर असतो, आठ किलो वजन असतं. क्लास डी मध्ये नळ एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते, आणि शेवटी एक कॉइल आणि कॅपॅसिटर तिला सपाट करून मूळ लहर स्पीकरकडे पाठवतात. त्यामुळे वीज उष्णतेत वाया जात नाही आणि डबा छोटा राहतो. सुरुवातीच्या स्वस्त क्लास डी चा आवाज कोरडा असायचा, हे खरं. आजच्या बऱ्याचशा छोट्या डब्यांत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ चिप असतात. नीट बनवलेल्या डब्यात यांच्यावर मी तासन्‌तास तानपुरा ऐकला आहे. जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची ती झणकार, हीच माझी कसोटी असते, कारण तिच्यात खर्जापासून वरच्या झिणझिणीपर्यंत सगळं असतं आणि कान लगेच खोट पकडतो. मला खोट सापडली नाही.

तरीही पहिल्या दिवशी अण्णा म्हणतील, "पूर्वीसारखा भरदार नाही." त्याचं कारण आजच सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा धीर सुटणार नाही. जुन्या ॲम्प्लिफायरवर बहुधा 'लाउडनेस' नावाचं बटण होतं, आणि ते कायम दाबलेलंच असणार. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. ते बटण ही तूट भरून काढायचं. आजच्या बहुतेक छोट्या डब्यांवर ते नसतं. शिवाय वय वाढतं तसं वरच्या पट्ट्या आधी ऐकू येईनाशा होतात. म्हणून अण्णांच्या डब्यावर बेस आणि ट्रेबलचे वेगळे नॉब असलेच पाहिजेत, ही माझी पहिली अट. शुद्धतेच्या नावाखाली हे नॉब काढून टाकलेले डबे चांगले असतात, पण ते तुमच्यासाठी नाहीत.

दुसरी अट, हाताला नीट पकडता येईल असा व्हॉल्यूमचा नॉब. चालू-बंद करायलाही दिसेल आणि जाणवेल असा खटका हवा. एकच बटण थोडा वेळ दाबलं की चालू, जास्त वेळ दाबलं की ब्लूटूथ, दोनदा दाबलं की आणखी काही, असलं नको.

तिसरी अट इनपुटची, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. या डब्यांना मागे पुष्कळदा लाल-पांढऱ्या आरसीए पिनांची एकच जोडी असते. तुमच्याकडे डेक आणि सीडी प्लेअर दोन्ही आहेत. अशा वेळी काही शे रुपयांत आरसीए सिलेक्टर मिळतो. दोन वस्तू त्याला जोडायच्या आणि त्याची एक तार ॲम्प्लिफायरला. बटण दाबलं की कॅसेट, पुन्हा दाबलं की सीडी. त्यावर 'कॅसेट' आणि 'सीडी' अशी मराठीत चिठ्ठी चिकटवा. आणि ज्या वाचकांकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावं की पिकअपमधून (सुई असलेल्या भागातून) येणारा सिग्नल बहुधा काही मिलिव्होल्टचाच असतो, सीडी प्लेअरचा दोन व्होल्टच्या आसपास. अशा वेळी मध्ये फोनो प्रीॲम्प (हा बारीक सिग्नल आधी वाढवून देणारं सर्किट) लागतो, आणि तो या छोट्या डब्यांत सहसा नसतो.

नावच सांगायचं तर फोसी ऑडिओचा बीटी२०ए तुमच्या अटींच्या जवळ जातो: टीपीए३११६ चिप, २४ व्होल्टचा ॲडॉप्टर, बेस-ट्रेबलचे नॉब, आरसीए इनपुट एकच. आयिमाचा ए०७ ताकदीनं वरचढ आहे, त्यात टीपीए३२५५ आहे, पण मूळ ए०७ वर बेस-ट्रेबल नाहीत. जागा कमी असलेल्या तरुण वाचकाला मी तो आधी सुचवला असता. असे डबे साधारण पाच ते दहा हजारांत येतात. भाव सारखे बदलतात, आणि परत करण्याची मुदत किती आहे ते बघूनच मागवा. ॲडॉप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण हवी. आणि २४ व्होल्टच्या डब्याला कुणी ३२ चा ॲडॉप्टर लावून 'दणका वाढवून' देत असेल तर नको म्हणा. टीपीए३११६ ला २६ च्या वर चालत नाही.

साउंडबारबद्दल थोडक्यात: टीव्हीतले संवाद स्पष्ट ऐकायला तो उत्तम आहे. पण अण्णांचे स्पीकर त्याला जोडता येणार नाहीत, डेकही बहुधा नाही. मुलाला म्हणावं, टीव्हीसाठी सावकाश घेऊ.

जोडताना एक काळजी घ्या, ती माझ्या अनुभवातून सांगतो. माझ्या मामांकडे भिंतीतून आलेल्या स्पीकरच्या तारा चार नव्हत्या, तीनच होत्या. जुन्या काळी दोन्ही स्पीकरची वजा बाजू एकाच तारेवर घ्यायची पद्धत होती, आणि तेव्हाच्या ॲम्प्लिफायरना ते चालायचंही. मी विचार न करता त्याच तारा नव्या छोट्या डब्याला जोडल्या. दिवा लागला, एक टक आवाज आला आणि डबा बंद पडला. नशिबानं आतल्या संरक्षणानं तो वाचला. या चिपमध्ये वजा टर्मिनलवरही सिग्नल असतो, ते जमिनीला जोडलेलं नसतं. म्हणून डाव्या आणि उजव्या वजा तारा एकमेकींना कधीही लागता कामा नयेत. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा. तीन-चार मीटरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पुरे. हजारो रुपयांच्या केबलची गरज नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार घेऊ नका.

अधिक-वजा खुणा पुसल्या असतील तर घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवून सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. टक असा आवाज येईल. मोठा कोन बाहेर उसळला तर सेलच्या टोकदार बाजूला जी तार होती ती अधिक. आत ओढला गेला तर उलट. एक स्पीकर सुलट आणि एक उलट जोडला गेला तर डग्ग्याचा घुमार नाहीसा होतो आणि गायक खोलीत नेमका कुठे बसलाय तेच कळत नाही. 'नवा ॲम्प्लिफायर पातळ वाटतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच निघतं.

अण्णा मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकत असतील तर त्यांचा ट्रान्झिस्टर या डब्याच्या शेजारी ठेवू नका. त्या वेगवान उघडझापेमुळे रेडिओत सूं असा आवाज मिसळतो. चार-पाच फूट अंतर ठेवलं की बहुतेक वेळा जातो. आणि स्पीकर शोकेसच्या आत, काचेमागे कोंबलेले असतील तर बाहेर काढा, कानाच्या उंचीवर आणा. फरशी गुळगुळीत आणि भिंती उघड्या असतील तर खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. चर्रर्र असा शेपटासारखा आवाज मागे रेंगाळला तर स्पीकरपुढे सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा. मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा एका सतरंजीनं जास्त फरक पडलेला मी पाहिला आहे.

तुमच्या १२ हजारांतले सहा-सात हजार डब्याला, हजारेक तारा आणि सिलेक्टरला. उरलेले चार हजार मी डेकवर घालवेन, आणि हे आग्रहानं सांगतो. डेकचे रबरी पट्टे इतक्या वर्षांत सैल तरी पडतात किंवा डांबरासारखे चिकट तरी होतात, मग गाणं संथ होतं, लहरतं. हेडवर ऑक्साइड साचून वरचे सूर दबतात. पट्टे बदलून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. डेक नीट चालला नाही तर अण्णा पुन्हा 'राहू दे' म्हणतील, आणि दोष नव्या डब्यावर येईल.

राहिली तुमची ती टोचणी. अण्णांना न सांगता वस्तू आणून त्यांना चकित करायचा तुमचा बेत आहे. मला तो बदलावासा वाटतो. १९८६ मध्ये त्यांनी जी निवड केली ती स्वतः फिरून, ऐकून, कर्ज काढून केली होती. या वेळीही त्यांना निवडू द्या. हा लेख त्यांना वाचून दाखवा, वॅटचं गणित त्यांना करू द्या, सेलची परीक्षा त्यांच्याच हातून होऊ द्या. जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त होणार नसेल तरी लगेच हलवू नका; नवा डबा त्याच्याच डोक्यावर ठेवता येईल एवढाच आहे. व्हॉल्यूमचा नॉब पहाटेच्या शांततेला कुठे पुरतो ते ठरलं, की तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका लावा, म्हणजे चष्मा नसतानाही दिसेल.

कारागिराचं निदान काय निघालं ते कळवा. आत आयसी असेल तर तिच्यावर छापलेला क्रमांकही लिहून पाठवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.